बफर म्हणजे नुसती रांग नव्हे

हिंगणघाटला हंगामात कापसाच्या गाड्या एकदम येतात, जिनिंग मात्र आपल्याच चालीने चालतं. म्हणून रांग. माझ्या अभ्यासातला बफर म्हणजे हीच रांग, असं मी घरी सांगते. पण ते अर्धंच खरं.

जिनीव्हाजवळच्या सीएमएस डिटेक्टरमध्ये (त्याचा बाहेरचा हॅड्रॉन कॅलरीमीटर उभारण्यात मुंबईच्या टीआयएफआरचा मोठा वाटा आहे) दर 25 नॅनोसेकंदांनी प्रोटॉनचे पुंजके एकमेकांवर येतात. कोणती नोंद ठेवायची हे ठरवायला ट्रिगरला साधारण 4 मायक्रोसेकंद लागतात. तेवढ्यात आणखी 160 नोंदी आलेल्या असतात! म्हणून बफरमध्ये तितके कप्पे, रहाटगाडग्यासारखे गोल फिरणारे. ‘ठेव’ असा निरोप वेळेत आला तर नोंद वाचली; नाही तर त्याच कप्प्यात नवी लिहिली जाते. गाडी उद्या परत आणता येईल, पण ही टक्कर गेली ती गेलीच.

वाचलेल्या नोंदी, सेकंदाला फार तर 1 लाख, वेळीअवेळी येतात. त्यांच्यासाठी पुढे दुसरा बफर. ही खरी हिंगणघाटची रांग.

मग मेमरीच मोठी का नाही ठेवत, असं तुम्ही विचाराल. चिप डिटेक्टरच्या पोटात बसते. तिथे वीज मोजून, उष्णता बाहेर काढायची पंचाईत, शिवाय किरणोत्साराने एखादा बिट उलटायची भीती. आणि एलएचसीच्या पुढच्या टप्प्यात ट्रिगरची मुदत 12.5 मायक्रोसेकंद होणार आहे. म्हणजे कप्पे 500!