नदीला काठ हवा

विल्यम सायक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली दख्खनच्या महाशीर माशाला शास्त्रीय नाव दिले. त्याने पाहिलेला मासा आपल्या मुळा-मुठेतला होता. आज जगभर ‘टॉर खुद्री’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या माशाचे माहेर पुणे आहे, हे लकडी पुलावरून खाली पाहणाऱ्याला सांगूनही पटणार नाही.

सांडपाण्याने मासा गेला, असे आपण म्हणतो. ते खरेच आहे. परंतु त्याचे घर नुसत्या पाण्याचे नव्हते, काठाचेही होते. वाळुंज, करंज, उंबर, जांभूळ ही झाडे उन्हाळ्यात पाण्यावर सावली धरतात. गार पाण्यात प्राणवायू अधिक विरघळतो. मुळे माती धरून ठेवतात. एरवी तीच माती गाळ होऊन गोट्यांमधल्या अंड्यांवर बसते आणि अंडी गुदमरतात. पडलेल्या पाल्यावर किडे पोसतात, किड्यांवर पिले. उंबर टुपकन पाण्यात पडले, की मोठा महाशीर ते गिळतो. अमेरिकेच्या वायव्य भागात सॅमन माशासाठी ओढ्याकाठी पुन्हा झाडे लावतात, ती याच हिशेबाने.

टाटांच्या वीज कंपनीने १९७०च्या दशकापासून लोणावळ्याजवळ वळवण येथे महाशिराची पैदास केली. माशाची पैदास करता येते, काठाची नाही. मी बँकेत उभी हयात घालवली. तारणाविना दिलेले कर्ज कसे बुडते, ते पाहिले आहे. काठाविना सोडलेल्या पिलांचे तेच होणार.

पुण्यातल्या ४४ किलोमीटरच्या नदीकाठ सुधार योजनेचे भूमिपूजन ६ मार्च २०२२ रोजी झाले. एप्रिल २०२३ मध्ये काठावरची झाडे वाचवण्यासाठी पुणेकर रस्त्यावर उतरले. फिरायला वाट मलाही हवी. मात्र बांध आणि शोभेची हिरवळ म्हणजे काठ नव्हे. पुरात वाकणारी, पूर ओसरल्यावर पुन्हा उभी राहणारी शेरणी आणि लव्हाळा तिथे लागतो.

आधी सांडपाणी शुद्ध व्हायला हवे, यात वाद नाही. पण पाणी स्वच्छ झाल्यावर झाडे लावू म्हटले, तर सावलीसाठी आणखी कितीतरी वर्षे थांबावे लागेल. म्हणून उरलेला काठ आजच राखला पाहिजे. या रविवारी मुलांना घेऊन विठ्ठलवाडीकडे नदीवर जा, आणि वाळुंज कुठे दिसतो का, ते त्यांना शोधायला सांगा.