सव्वाशे लिटरांतला शेजार

१९५१ साली मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले, आणि तेव्हापासून महाराष्ट्रातील मुलांच्या कित्येक पिढ्यांना प्रवाळसमुद्रातील माशांचे पहिले दर्शन तेथील काचांमागे घडले. बाजारात पापलेट आणि बांगडे पाहण्याची सवय असलेल्या डोळ्यांना ते निळे, जांभळे, केशरी जीव एखाद्या निराळ्याच सृष्टीचे रहिवासी वाटावेत, आणि त्यांतील दोनचार तरी आपल्या घरी असावेत अशी अभिलाषा मनात उत्पन्न व्हावी, हे अगदी स्वाभाविक आहे. समुद्री मीठ, पंप, दिवे, पाणी थंड राखणारी यंत्रे ही सामग्री आता मोठ्या शहरांतून सहज मिळते. त्यामुळे खाऱ्या पाण्याची टाकी बाळगणे ही गोष्ट केवळ संस्थांच्याच आवाक्यातील राहिलेली नाही. मात्र ज्यांची ही हौस थोड्याच महिन्यांत दुःखात परिणत होते त्यांची हकीकत नीट ऐकली, तर यंत्रांच्या दोषापेक्षा माशांच्या निवडीतील अविचारच पुष्कळदा तिच्या मुळाशी आढळतो. कोणते मासे एकमेकांच्या शेजारी नांदू शकतील, हा प्रश्न वास्तविक पहिला मासा घरी आणण्यापूर्वी विचारावयाचा असतो.

लहान टाकी म्हणजे किती लहान, हे आधी ठरवून घेणे बरे. ३ फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि तेवढीच उंच अशी टाकी काठोकाठ भरली असता तीत सव्वाशे लिटरांहून किंचित अधिक पाणी मावते, आणि वाळू व खडक यांनी अडवलेली जागा वजा केली की ते त्याहूनही कमी राहते. प्रवाळाच्या आश्रयाने राहणाऱ्या माशांना ज्या समुद्राची सवय असते, त्याचे तापमान आणि क्षारता यांत वर्षभरात फारच थोडा फरक पडतो. उलट या टाकीतील पाण्याची वाफ होऊन गेली म्हणजे मीठ मात्र मागेच उरते, म्हणून रोजची तूट शुद्ध गोड्या पाण्याने भरून काढावी लागते, आणि वैशाखातील एका दुपारी वीज गेली तर जे पाणी २५ ते २६ अंश सेल्सिअसवर राखावयाचे, ते तिशी ओलांडू लागते. त्यातच खाऱ्या पाण्यात प्राणवायू गोड्या पाण्यापेक्षा सुमारे एक पंचमांशाने कमी विरघळतो. माशांच्या मलमूत्रातून निघणारा अमोनिया तर येथे अधिकच घातक ठरतो, कारण पाणी जितके अल्कधर्मी तितका त्याचा विषारी अंश वाढतो. या अमोनियाचे प्रथम नायट्राइटमध्ये आणि मग त्या मानाने निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे सूक्ष्म जिवाणू खडकांवर व वाळूत स्थिरावण्यास साधारणतः ४ ते ६ आठवडे लागतात, आणि तोवर टाकीत एकही मासा सोडू नये. इतके सगळे सांभाळूनही अशा टाकीला लहान जातीचे चार-पाच मासे पेलतात. म्हणून त्या चार-पाच जागा कोणाला द्यावयाच्या, हा निर्णय महत्त्वाचा होतो.

प्रवाळखडकावर एकोपा नांदतो, ही आपली समजूत चित्रे पाहून झालेली आहे. प्रत्यक्षात तेथे एकेका कपारीची, एकेका शेवाळलेल्या खडकाची वहिवाट ठरलेली असते, आणि हद्द ओलांडणाऱ्या आगंतुकाला मूळचा कब्जेदार दात दाखवून हुसकून लावतो. तरीही तेथे खून क्वचितच पडतात, कारण हरलेला मासा क्षणार्धात पळून जातो आणि जिंकलेला मासा आपल्या हद्दीबाहेर त्याचा पाठलाग करीत नाही. टाकीत मात्र संपूर्ण मुलूखच एका माशाच्या हद्दीएवढा, किंबहुना तीहूनही लहान असतो. हरलेल्याला पळावयास जागा नसते, आणि ज्या आक्रमणाचा समुद्रात दोन क्षणांत निकाल लागला असता ते येथे दिवसेंदिवस चालू राहते. कोपऱ्यात अंग चोरून राहिलेला, पर फाटलेला, अन्न सोडलेला मासा पुढे रोगाने मेला असे आपण म्हणतो. त्याचा खरा मृत्यू शेजाऱ्याच्या धाकाने झालेला असतो.

हा धाक सर्वांत अधिक कोणाला, याविषयी ऑस्ट्रियातील प्राणिवर्तनशास्त्रज्ञ कोनराड लोरेन्झ यांनी मोठे मार्मिक विवेचन केले आहे. पुढे १९७३ साली नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरलेल्या या शास्त्रज्ञाने प्रवाळमाशांचे वर्तन फ्लोरिडाच्या समुद्रात आणि टाक्यांत अशा दोन्ही ठिकाणी न्याहाळले, आणि १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आक्रमकतेवरील ग्रंथात असे प्रतिपादन केले, की हे मासे परजातीयांपेक्षा स्वजातीयांवर कितीतरी अधिक त्वेषाने तुटून पडतात, कारण तेच अन्न, तीच कपार आणि तोच जोडीदार यांवर हक्क सांगणारा खरा प्रतिस्पर्धी स्वजातीयच असतो. त्यांचे ते भडक रंग म्हणजे या मालकीची दुरून वाचता येणारी जाहीर नोटीसच होय. पुढील संशोधनाने या सिद्धांताला अपवादही दाखवले. शेवाळाची राखण करणारे काही डॅमसेल मासे शेवाळ खाणाऱ्या कोणत्याही जातीला हाकलतात, हा त्यांपैकी एक. परंतु घरच्या टाकीपुरता यातून निघणारा नियम आजही भरवशाचा आहे : ज्यांचा आकार, रंग, आहार आणि आसरा सारखा, त्यांना एकत्र ठेवू नये, आणि जोडी म्हणून नांदणाऱ्या जातींखेरीज एका जातीचा एकच मासा घ्यावा.

दुकानात नवख्या मनुष्याच्या हाती बहुधा डॅमसेल पडतात, कारण ते स्वस्त, चपळ आणि काटक असतात. त्यांतील डॉमिनो या नावाने विकला जाणारा काळ्या अंगावर पांढरे ठिपके असलेला मासा बालपणी अगदी गोजिरवाणा दिसतो. पण वाढून तो ४ इंचांच्या पुढे जातो, ठिपके फिके होतात, आणि त्या वेळेपर्यंत साऱ्या टाकीवर त्याचा अंमल बसलेला असतो. टाकीतील जिवाणू रुजवण्यासाठी प्रथम डॅमसेल सोडण्याची जुनी पद्धत याच कारणाने त्याज्य मानावी : त्या माशाला अमोनियाचा दाह सोसावा लागतो तो लागतोच, शिवाय पुढे येणाऱ्या प्रत्येक माशाला जुन्या कब्जेदाराशी झगडावे लागते.

दुसरा विचार आकाराचा आणि तोंडाचा. जो मासा दुसऱ्याच्या तोंडात मावतो तो आज ना उद्या तेथे जाणारच, हे गृहीत धरूनच लायनफिशसारख्या शिकारी जाती लहान टाकीतून कायमच्या वगळाव्यात. २००३ सालच्या ‘फाइंडिंग नीमो’ या चित्रपटाने मुलांच्या लाडक्या झालेल्या डोरीची जात, म्हणजे निळा टँग, दुकानात दोन इंचांची दिसत असली तरी पूर्ण वाढीस १ फूट लांब होते आणि तिला पोहण्यास लांबच लांब मोकळे पाणी लागते. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेले पँथर ग्रूपरचे इवलेसे पिल्लू तर पुढे २ फुटांहून मोठे होते. आणि मँडरिन हा अप्रतिम नक्षीचा, स्वभावाने शांत मासा कोणाशी भांडत नाही हे खरे; पण दिवसभर खडकावरील अतिसूक्ष्म कवचधारी जीव वेचून खाण्याची त्याची सवय सहसा सुटत नाही, आणि लहान टाकीतील असा साठा थोड्याच आठवड्यांत संपत असल्यामुळे भोवती सर्वांना अन्न मिळत असताना तो हळूहळू उपासमारीने मरतो. तेव्हा मासा शेजाऱ्यांशी जुळतो की नाही याबरोबरच तो टाकीशी जुळतो की नाही, हेही पाहणे अवश्य आहे.

मग घ्यावे तरी कोणाला? माझी पहिली शिफारस ऑसेलारिस क्लाउनफिशच्या जोडीची आहे. केशरी अंगावर पांढरे पट्टे मिरवणारा हा मासा तीन-साडेतीन इंचांच्या आसपास राहतो, थोड्या जागेत समाधान मानतो, आणि निसर्गात समुद्रफुलाच्या आश्रयाने राहत असला तरी टाकीत त्याचे त्यावाचून काही अडत नाही. या कुळातील सर्व मासे प्रथम नर असतात. त्यांच्या लहानशा समूहात सर्वांत मोठा मासा मादी होतो, आणि ती मेल्यास तिच्या खालोखालचा नर तिची जागा घेतो. म्हणून एक किंचित मोठा आणि एक लहान अशी दोन अल्पवयीन पिल्ले आणली असता त्यांची जोडी आपोआप जमते. पूर्ण वाढलेल्या दोन माद्या मात्र एकमेकींना जिवंत ठेवणार नाहीत.

वाळूच्या तळासाठी पिवळा वॉचमन गोबी घ्यावा आणि त्याच्याबरोबर पिस्तूल कोळंबी आणावी. कोळंबीची दृष्टी अत्यंत मंद. ती अखंड बीळ खणीत असते, तिची एक मिशी सदैव गोबीच्या अंगाला टेकलेली असते, आणि बिळाच्या तोंडाशी पहारा करणाऱ्या गोबीने शेपटी हलवून इशारा दिला की दोघेही आत दडतात. पाण्याच्या मधल्या थरासाठी फायरफिश योग्य : पुढे फिकट, मागे लालभडक, पाठीवर एक उंच तुरा असलेला हा मासा वाहत्या पाण्यात तरंगत राहतो, कोणाच्या वाटेस जात नाही, परंतु घाबरला की थेट टाकीबाहेर उडी घेतो, त्यासाठी वर जाळीच्या झाकणाची तजवीज हवी. पाचव्या जागेसाठी कॅरिबियन समुद्रातील अर्धा जांभळा, अर्धा पिवळा रॉयल ग्रामा घ्यावा, जो आपली कपार राखतो आणि इतरांना सहसा उपद्रव देत नाही. किंवा त्याऐवजी बांगाई कार्डिनल. इंडोनेशियातील बांगाई द्वीपसमूहापुरतीच मूळ वस्ती असलेल्या या माशाचा नर अंडी आणि नंतर पिल्लेही आपल्या तोंडात सांभाळतो. ही पिल्ले प्रवाहाबरोबर दूर वाहून जात नसल्यामुळे जातीचा प्रसार झाला नाही, शोभेच्या माशांच्या व्यापाराने तिची अपरिमित लूट केली, आणि २००७ साली तिची नोंद संकटग्रस्त म्हणून झाली. तेव्हा तो घ्यावयाचा तर टाकीत पैदास झालेलाच घ्यावा.

निवडीइतकेच महत्त्व क्रमाला आहे. सर्वांत भित्रा मासा प्रथम आणि सर्वांत धीट मासा शेवटी, या क्रमाने त्यांना टाकीत दाखल करावे, म्हणजे दुबळ्याला आपली कपार निश्चित करण्यास अवधी मिळतो : आधी गोबी आणि फायरफिश, मग ग्रामा किंवा कार्डिनल, आणि सरतेशेवटी क्लाउनफिशची जोडी. दोन आगमनांमध्ये तीन-चार आठवड्यांचे अंतर असावे, कारण वाढलेला मळ पचवण्यास जिवाणूंनाही तेवढा काळ लागतो. आणि तोच काळ नव्या माशाने वेगळ्या लहान टाकीत काढावा, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगासारखी व्याधी असल्यास ती मुख्य टाकीत पोहोचण्यापूर्वी उघडकीस येते. खडकांची रचना अशी करावी की प्रत्येक माशाला स्वतंत्र आसरा असेल आणि एका माशाला दुसऱ्याच्या नजरेआड होता येईल. भांडण पेटलेच, तर खडक हलवून पुन्हा निराळे रचावेत; जुन्या सरहद्दी पुसल्या गेल्या की जुन्या-नव्या सर्वांनाच जागा नव्याने शोधावी लागते, आणि मूळ कब्जेदाराचा वरचष्मा पुष्कळ अंशी कमी होतो.

भारतीय वाचकाने आणखी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली २००१ पासून समुद्रघोडे आणि दगडी प्रवाळ यांना सर्वोच्च संरक्षण मिळालेले आहे. दुकानदाराने कितीही सहजपणे ते दाखवले, तरी ते घेणे हा गुन्हा आहे. कायदा नसता तरी या बाबतीत आपली जबाबदारी टळली नसती. गोड्या पाण्यातील शोभेचे मासे बहुतांशी शेततळ्यांत पैदा होतात, पण समुद्रातले बहुतांश अजूनही प्रवाळखडकावरून पकडून आणलेले असतात, आणि आग्नेय आशियात त्यासाठी पाण्यात सायनाइड फवारून मासे गुंगवण्याची जी रीत पडली, तिच्यापायी मासा आणि प्रवाळ दोघांचाही नाश झाला. उलट क्लाउनफिशच्या पैदाशीचे तंत्र आपल्याच केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने सिद्ध केले आहे. म्हणून मासा कोठून आला हे दुकानात विचारावे, तो आपल्यासमोर अन्न खातो का हे पाहावे, आणि खात नसेल तर तो कितीही सुंदर असला तरी घेऊ नये.

पाच मासे झाल्यावर टाकीत बरीच जागा मोकळी दिसेल, आणि दर खेपेस दुकानात सहावा मासा मोहात पाडील. ती मोकळी जागा प्रत्यक्षात मोकळी नसते. ती त्या पाचांच्या परस्परांतील अंतराची, त्यांच्या श्वासाची आणि हरणाऱ्याच्या पळवाटेची जागा असते. पाळणाऱ्याने आपल्या इच्छेला आवर घालून तिचे रक्षण केले, तरच त्याने मोठ्या विचाराने जुळवून आणलेला हा शेजार वर्षानुवर्षे टिकतो.