हरळी की कुर्डू?

बुलढाणा जिल्ह्यात घाटावर चिखली-मेहकरकडे जा किंवा घाटाखाली नांदुरा-मलकापूरकडे, सोयाबीनच्या निंदणाला बसलेल्या बायांच्या हाताला दोन तणं लागायचीच. एक हरळी, दुसरं कुर्डू. शेतकऱ्याच्या लेखी दोन्ही वैरी. गावाबाहेर नवे प्लॉट पडतात, बंगले उभे राहतात आणि तिथे मात्र या दोघांचं नशीब वेगळं होतं. हरळीची निवडक वाणं ‘लॉन’ म्हणून चौरस फुटाच्या भावानं विकत आणली जातात, माती गाळून, शेणखत घालून अंथरली जातात. त्याच मातीत पावसाबरोबर आपसूक उगवलेलं कुर्डू उपटून कुंपणाबाहेर फेकलं जातं. हा निवाडा मला चुकीचा वाटतो. बुलढाण्याच्या अंगणात मोठी जागा कुर्डूला आणि लहान जागा हरळीला मिळायला हवी. त्याची कारणं या दोन वनस्पतींच्या शरीरातच सापडतात.

दोघांनाही शास्त्रीय नावं देणारा माणूस एकच, कार्ल लिनियस, आणि ग्रंथही एकच, १७५३ सालचा. कुर्डूला त्यानं दिलेलं ‘सेलोशिया अर्जेंटिया’ हे नाव अजून टिकून आहे. हरळीची वर्गवारी पुढे बदलली आणि ती ‘सायनोडॉन डॅक्टिलॉन’ झाली.

हरळीचं खोड दोन ठिकाणी पसरतं. एक जमिनीवर सरपटत जातं आणि पेरापेराला मुळं सोडतं. दुसरं जमिनीखाली असतं, त्या खोडांना शेतकरी काशा म्हणतात. वखराखाली काशीचे चार तुकडे झाले तर ओल मिळताच चार ठिकाणी हरळी फुटते. म्हणून तर उन्हाळ्यात खोल नांगरट करून काशा वर काढतात, वेचतात, उन्हात वाळवतात. हरळीचे वाढीचे कोंब जमिनीलगत असतात. गुरांनी चरलं, पायांनी तुडवलं किंवा यंत्रानं कापलं तरी फक्त पात्याचा शेंडा जातो, कोंब शाबूत राहतो. लॉन नावाची गोष्ट या एका गुणावर उभी आहे.

कुर्डूचा वाढीचा कोंब शेंड्याला असतो. कोवळेपणी एकदा खुडलं तर खालून फांद्या फुटतात आणि झाड उलट डेरेदार होतं. पण दर आठवड्याला कापत राहिलात तर ते कधीच फुलणार नाही. पोरांना जिथे पळायचं आहे, पाहुण्यांच्या खुर्च्या जिथे मांडायच्या आहेत, तिथे कुर्डू चालत नाही. बांधावर आणि उतारावर माती धरून ठेवायलाही हरळीच हवी. तिच्या मुळांचं जाळं पावसाच्या धारेला जुमानत नाही.

आता पाणी. १९६६ साली ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक या दोन शास्त्रज्ञांनी उसाच्या पानातली प्रकाशसंश्लेषणाची एक वेगळी वाट उलगडून दाखवली. ‘सी-फोर’ म्हणून ती ओळखली जाते. ऊस, ज्वारी, मका यांच्याप्रमाणे हरळीही याच वाटेनं जाते. हवेतला कार्बन डायऑक्साइड ती आधी चार कार्बन अणूंच्या संयुगात बांधून पानाच्या आतल्या पेशींत नेते आणि तिथे एकवटते. त्यामुळे पर्णरंध्रं कमी उघडूनही तिचं भागतं. तेवढ्याच पाण्यात ती जास्त अन्न तयार करते आणि कडक उन्हातही तिचं काम मंदावत नाही. कुर्डूची वाट जुनी, ‘सी-थ्री’. कागदावर पाहिलं तर पाण्याची काटकसर हरळीच जास्त करते.

मग लॉनला एवढं पाणी का लागतं? हरळीला जगण्यासाठी ते लागतच नाही. मार्च-एप्रिलमध्ये पाणी तोडलं तर तिची पाती पिवळी पडतात, वाळतात, काशा जमिनीत निपचित राहतात आणि मृगाचा पाऊस पडला की आठवडा-पंधरा दिवसांत सगळं पुन्हा हिरवं होतं. पडीक रानातली हरळी दरवर्षी हेच करते. आपण उन्हाळाभर नळी सोडतो ती मे महिन्यातही जमीन हिरवी दिसावी म्हणून. ते पाणी झाडाच्या जिवासाठी नसतं, आपल्या डोळ्यांना हिरवा रंग हवा म्हणून असतं.

त्या रंगाचा हिशेब मांडून पाहू. उन्हाळ्यात हिरवं ठेवलेलं गवत आणि त्याखालची माती मिळून दिवसाला साधारण ५ मिलिमीटर पाणी हवेत सोडतात, म्हणजे चौरस मीटरला ५ लिटर. पाव गुंठ्याचं लॉन जवळपास २५ चौरस मीटर भरतं. रोज १२५ लिटर. जलजीवन मिशननं ग्रामीण भागात माणशी रोज ५५ लिटर पाण्याचं प्रमाण ठरवलं आहे. म्हणजे एवढंसं लॉन दोन माणसांपेक्षा जास्त पाणी पितं, तेही टँकरच्या दिवसांत.

बारमाही हिरव्या लॉनची ही हौस आपल्या हवेतून आलेली नाही. १८३० साली एडविन बडिंग यानं गवत कापण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं, ते इंग्लंडमध्ये, जिथे वर्षभर भुरभुर पाऊस पडतो आणि ऊन सौम्य असतं. तिथून ही पद्धत अमेरिकेत गेली. तिथल्या लॉनचं क्षेत्रफळ क्रिस्टिना मिलेसी आणि तिच्या सहकाऱ्यांनी २००५ साली उपग्रहचित्रांच्या मदतीनं अंदाजलं. ते सुमारे १ लाख ६० हजार चौरस किलोमीटर निघालं. आपला महाराष्ट्र ३ लाख ७ हजारांचा. अर्ध्या महाराष्ट्राहून जास्त जमिनीवर असं पीक उभं आहे की जे कापायचं आणि टाकून द्यायचं.

घाटाखालच्या खारपाणपट्ट्यात एक वेगळी अडचण आहे. पूर्णेच्या खोऱ्यात, संग्रामपूर-जळगाव जामोद-शेगावकडे, भूजलात क्षार जास्त. हरळी क्षार बऱ्यापैकी सोसते, त्यामुळे बोअरच्या खाऱ्या पाण्यावरही लॉन तग धरतं. पण ते पाणी रोज उडून जातं आणि क्षार मातीतच राहतात. चिकण काळ्या मातीत निचरा कमी, त्यामुळे वर्षागणिक माती बिघडत जाते. तिथे पावसावर उगवून पावसाबरोबर आवरणारं झाड लावलं तर बोअर चालू करायचं कामच पडत नाही.

कुर्डू हे असं झाड आहे. जून-जुलैत उगवतं, गुडघ्याएवढं ते कमरेएवढं वाढतं, श्रावण-भाद्रपदात तुरे धरतं आणि दिवाळीनंतर वाळतं. पुढच्या वर्षाची त्याची सगळी तयारी बियांत असते. मसूर दिसते तशा चपट्या, काळ्या, चमकदार बिया, पण मोहरीहूनही बारीक. उन्हाळ्याचे चार महिने त्या मातीत पडून राहतात. त्यांना पाणी नको, सावली नको.

तुरा खालून वर उमलत जातो. टोकाला गुलाबी कळ्या, खाली रुपेरी पांढरी फुलं, आणि हा प्रकार एकेका तुऱ्यावर कितीतरी दिवस चालतो. हा गुलाबी रंगही विशेष आहे. जास्वंद, गोकर्ण, वांगं यांचे लाल-निळे-जांभळे रंग अँथोसायनिनचे. कुर्डूचा रंग बीटालेन गटातला, जो बीटात, राजगिऱ्यात, बोगनवेलीत सापडतो. हे दोन्ही रंग एकाच वनस्पतीत एकत्र आढळत नाहीत, आणि ते तसे का, हा वनस्पतिशास्त्रातला अजूनही रंगणारा विषय आहे. फुलाची दलं मुळातच कागदासारखी कोरडी असल्यानं वाळल्यावरही तुऱ्याचा आकार मोडत नाही.

आपण हौसेनं कुंडीत लावतो तो लाल कोंबडा कुर्डूच्याच घरातला. त्याच्या शेंड्याचा कोंब टोकदार राहण्याऐवजी पसरट होतो आणि तुऱ्याचा मखमली पंखा बनतो. कोंबड्याला कुंडी आणि त्याच्या रानातल्या भावाला उकिरडा, हे मला फार खटकतं. नायजेरियात तर याच कुर्डूची ‘सोको’ नावानं पालेभाजी म्हणून लागवड होते. आपल्याकडेही फुलं येण्याआधीची कोवळी पानं रानभाजीत जातात. पानांत ऑक्झॅलेट असल्यानं ती उकडून, पाणी टाकून करावीत.

पावसाळ्याच्या शेवटी फुललेल्या कुर्डूजवळ थोडं थांबा. मधमाश्या, लहान-मोठी फुलपाखरं, भुंगेरे यांची वर्दळ दिसेल. हरळीचं परागण वारा करतो, तिला कीटकांची गरज नाही आणि कापलेल्या लॉनवर तर फुलोरा फारसा येतही नाही. न कापलेल्या हरळीचे परागकण अनेकांना शिंका आणि दम्याचा त्रास देतात. गवतावर वाढणाऱ्या काही फुलपाखरांच्या अळ्यांना मात्र गवतच लागतं, म्हणून हरळीला अंगणातून पूर्ण हाकलू नये. शिवाय गणपतीला एकवीस दूर्वांची, म्हणजे हरळीचीच, जुडी लागतेच, आणि तिच्यासाठी यंत्रानं न कापलेला, कोवळ्या तीन पात्यांचा शेंडा हवा. एक कोपरा तेवढ्यासाठी राखावा.

बाकीच्या जागेत कुर्डू लावणं अगदी सोपं. हिवाळ्यात बांधावरचे वाळलेले तुरे आणून कागदावर झटकावेत. पहिल्या चांगल्या पावसाआधी ते बी मूठभर कोरड्या मातीत मिसळून उन्हाच्या जागेवर फेकावं. खोल पुरलं तर उगवत नाही. मुरमाड जमीन चालते, पाणी साचणारी चालत नाही. रोपं दाट उगवली तर वीतभर अंतर ठेवून विरळणी करावी, काढलेल्या रोपांची भाजी होते.

एक खबरदारी अगदी सक्तीची. एक झाड हजारोंनी बिया टाकतं. तुमचं अंगण शेताला लागून असेल तर बी झडण्याआधी तुरे कापलेच पाहिजेत, नाहीतर शेजाऱ्याच्या पुढच्या हंगामाचं निंदण तुम्ही वाढवलं असं होईल. कापलेले तुरे सावलीत उलटे टांगले की फुलदाणीत वर्षभर राहतात. दिवाळीनंतर वाळलेली झाडं बारीक तोडून मोगऱ्याच्या, लिंबाच्या आळ्यात पसरावीत, मात्र त्यातले तुरे आधी वेचून घ्यावेत. त्या आच्छादनाखाली ओल टिकते, आणि मे महिन्यात पाणी द्यायचंच असेल तर ते या आळ्यांना द्यावं.