नाण्याला आठवण नसते

लागोपाठ पाच वेळा छापा पडला, की ‘आता काटा पडणारच’ असे अनेकांना मनापासून वाटते. हा समज तपासायचा तर दोन संज्ञा नीट कळायला हव्यात.

एका घटनेमुळे दुसरीची संभाव्यता (घडण्याच्या शक्यतेचे माप) बदलत नसेल, तर त्या स्वतंत्र घटना. बदलत असेल, तर अवलंबी घटना.

घरातला लाडवांचा डबा घ्या. त्यात सारख्याच आकाराचे ४ बेसनाचे आणि ६ रव्याचे लाडू आहेत. न पाहता काढलेला लाडू बेसनाचा असण्याची संभाव्यता ४/१०. तो बेसनाचा निघाला आणि खाऊन टाकला, तर पुढच्या खेपेला ती ३/९ होते. या घटना अवलंबी आहेत. तोच लाडू परत ठेवून डबा हलवला, तर ती पुन्हा ४/१०. या घटना स्वतंत्र.

नाणेफेक या स्वतंत्र प्रकारात मोडते. लागोपाठ सहा छाप्यांची संभाव्यता १/६४ आहे हे खरे, पण ती पहिल्या फेकीआधीची. पाच छापे पडून गेल्यावर सहाव्याची संभाव्यता १/२च राहते.

१९१३ साली मोंटे कार्लोच्या कॅसिनोत रुलेटच्या चक्रावर लागोपाठ २६ वेळा काळा रंग आला. ‘आता लालच येणार’ म्हणून लोक पैसे लावत गेले आणि मोठ्या रकमा हरले. लालची संभाव्यता मात्र प्रत्येक फेरीत १८/३७च होती.

म्हणून अंदाज बांधण्याआधी एकच प्रश्न विचारावा: आधीच्या घटनेने डब्यात काही बदलले का?