पोट साफ करताना किडनी सांभाळा

मंडळी, स्मरणिकेत कविता आहेत, प्रवासवर्णनं आहेत, मोदकांची पाककृती आहे. अशा पंगतीत आम्ही दोघं जुलाबाच्या औषधांवर लेख घेऊन बसलोय, त्याबद्दल आधीच माफी मागतो. पण विषय टाळण्यासारखा नाही. अमेरिकेत २०२१ पासून ४५ व्या वर्षीच मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची तपासणी सुरू करावी असा सल्ला आहे. म्हणजे आपल्या मंडळातल्या निम्म्याअधिक घरांत कोलोनोस्कोपीचा कागद कधी ना कधी फ्रिजवर चिकटणारच. त्या कागदावर आदल्या दिवशीच्या 'प्रेप'चं, म्हणजे आतडी साफ करण्याच्या औषधाचं नाव असतं. आपण बहुतेक जण ते न वाचताच आणतो.

आमच्यापैकी एकाची सगळी नोकरी न्यू जर्सीत फार्मसीच्या काउंटरमागे गेली. २००० नंतरच्या त्या वर्षांत गिऱ्हाइकांची एकच मागणी असायची, "कमी प्यायला लागेल ते द्या." एकीकडे गॅलनभर मिठाळ पाण्याचा जग, दुसरीकडे सोडियम फॉस्फेटची चिमुकली बाटली. ४५ मिलीचे दोन डोस घेतले की काम झालं, आणि प्रिस्क्रिप्शनही लागत नसे. कोण जग उचलणार?

आमच्या एका स्नेह्यांनीही बाटलीच घेतली. वय साठीच्या पुढे, ब्लडप्रेशरची गोळी चालू, आणि त्या दिवशी वरून पाणी फारसं प्यायले नाहीत. कोलोनोस्कोपी अगदी नॉर्मल निघाली. पेढे वाटले! काही महिन्यांनी नेहमीच्या रक्ततपासणीत क्रिएटिनिन वाढलेलं दिसलं. बायोप्सीत किडनीत कॅल्शियम फॉस्फेटचे कण सापडले. "ही बाटली सोपी पडेल" असं त्यांना आम्हीच सांगितलं होतं. ते अजून मनाला लागून आहे, म्हणूनच हा लेख.

असं का होतं? फॉस्फेटचा क्षार शरीरातलं पाणी आतड्यात ओढून घेतो. पोट साफ होतं, पण शरीर कोरडं पडतं. त्याच वेळी रक्तातलं फॉस्फेट वाढतं आणि ते बाहेर टाकायचं काम किडनीवर येतं. पाणी कमी, फॉस्फेट जास्त. मग ते कॅल्शियमला धरून किडनीच्या बारीक नळ्यांमध्ये बसतं. दुखत नाही, खुपत नाही, त्यामुळे कळतही नाही. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २००५ साली असे २१ रुग्ण नोंदवले. त्यातल्या ४ जणांना कायमचं डायलिसिस लागलं, आणि उरलेल्या १७ जणांची किडनी पूर्ववत झाली नाही. बहुतेकांना ब्लडप्रेशर होतं. २००६ मध्ये एफडीएने सावधगिरीची सूचना दिली. डिसेंबर २००८ मध्ये फॉस्फेटच्या प्रिस्क्रिप्शन गोळ्यांवर सर्वांत कडक, चौकटीतला इशारा छापायला लावला, आणि दुकानात सहज मिळणारं फॉस्फेट प्रेपसाठी वापरू नका असं सांगितलं. असा त्रास सगळ्यांना होतो असं नाही, पण ज्याला होतो त्याची किडनी जाऊ शकते.

मग तो कंटाळवाणा जग बरा का? हो! त्यात पॉलिइथिलीन ग्लायकॉल, म्हणजे पीईजी असतं. ते आतड्यातून रक्तात जवळजवळ शिरतच नाही. सोबत क्षार असे मोजून घातलेले असतात की शरीरातलं पाणी आणि मीठ फारसं हलत नाही. प्यायलेलं पाणीच धुऊन बाहेर पडतं. म्हणून किडनी किंवा हृदय कमजोर असलेल्यांना डॉक्टर सहसा हेच देतात. हल्ली दोन लिटरचे प्रकारही आहेत. मात्र बद्धकोष्ठतेसाठी मिळणाऱ्या साध्या पीईजी पावडरीत हे क्षार नसतात, म्हणून ती आपल्या मनाने गॅलनभर पाण्यात घोळून पिऊ नये. मॅग्नेशियमची औषधंही किडनीचा त्रास असलेल्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

आता कामाच्या गोष्टी:

१. अपॉइंटमेंट घेतानाच सगळ्या औषधांची यादी द्या. ब्लडप्रेशरच्या, लघवी वाढवणाऱ्या, सांधेदुखीच्या, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, डायबेटीसची इंजेक्शनं, आणि हो, भारतातून आणलेली चूर्णंसुद्धा! गोळी आपल्या मनाने बंद करू नका, चालूही ठेवू नका. विचारा.

२. शेवटची क्रिएटिनिनची तपासणी कधी झाली, हे डॉक्टरांना सांगा.

३. "अर्धं संध्याकाळी, अर्धं पहाटे" असं लिहिलं असेल तर तसंच घ्या. त्याने आतडं जास्त स्वच्छ राहतं. पहाटे उठायचा कंटाळा करू नका. पण शेवटचा घोट किती वाजता, ते कागदावर बघा.

४. नुसतं पाणी पीत राहू नका. त्याने रक्तातलं सोडियम उतरू शकतं. गाळलेलं लिंबू सरबत, पारदर्शक सूप, सफरचंदाचा रस, बिनदुधाचा चहा आलटून पालटून घ्या. किडनी, हृदय किंवा डायबेटीसचा त्रास असेल तर काय आणि किती, ते आधी ठरवून घ्या.

५. हा उपवास म्हणजे एकादशी नव्हे! साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी, ताक, सोलकढी यातलं काहीही चालत नाही. लाल-जांभळी पेयंही नकोत, ती आत रक्तासारखी दिसतात.

६. उलट्या थांबेनात, भोवळ आली, लघवी कमी झाली, पोट फुगून दुखू लागलं किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर "प्रेपमध्ये असंच होतं" म्हणून बसू नका. लगेच फोन करा. फारच जास्त वाटलं तर सरळ ९११.

हे वाचून कुणी कोलोनोस्कोपीच रद्द करू नका हं! पॉलिप वेळेत काढला तर कॅन्सर टळतो, हे खरंच आहे. प्रेप झेपणार नसेल तर दरवर्षी घरच्या घरी करायची शौचाची तपासणीही आहे. तिच्याबद्दल डॉक्टरांना विचारा. मात्र ती पॉझिटिव्ह आली तर कोलोनोस्कोपी करावीच लागते.

आमची पाळी आली तेव्हा आम्ही दोघांनी जगच घेतला. फ्रिजमध्ये गार करून, स्ट्रॉने, नाक दाबून आणि एकमेकांना शिव्या घालत! चव वाईटच होती. पण ती एका रात्रीपुरतीच. किडनी जन्मभर लागते.