तुसाची मूठ आणि ओव्याचा वास
लेखांक ६

कणकुंबीचा आषाढातला पाऊस उघडत नाही, फार तर दम खातो. मलप्रभेचा उगम इथलाच, माऊलीच्या देवळापाशी. बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याकडे जाणारा रस्ताही इथूनच जातो आणि त्यावरून कोंबड्यांच्या गाड्या उतरतात. अशा हवेत ब्रॉयलरची शेड चालवायची म्हणजे पावसात पापड वाळवायचे.

शेडमध्ये शिरल्यावर जाणता माणूस पक्ष्यांच्या आधी जमीन बघतो. तिथे अंथरलेलं मूठभर तूस उचलून दाबतो. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर लिटर, म्हणजे हे अंथरूण, ओलं, हळूहळू फुटून सुटं झालं तर बरं. ओल्या तुसातून अमोनिया उठतो, डोळे चुरचुरतात, कॉक्सी हा आतड्याचा परजीवी रोग बळावतो. त्याने सोललेल्या आतड्यात क्लॉस्ट्रिडियम हा जंतू घुसला की खाल्लेलं अंगी लागत नाही. एफसीआर, म्हणजे किलोभर वजनाला किती किलो खाद्य गेलं तो आकडा, चढतो आणि करारावर पक्षी वाढवणाऱ्याचा हिशोब तिथेच बिघडतो.

वाढीसाठीची अँटिबायोटिक्स हा हिशोब सावरायची. विस्कॉन्सिन विद्यापीठात १९४६ साली पिल्लांना स्ट्रेप्टोमायसिन दिल्यावर त्यांची वाढ जास्त झाल्याचं दिसलं होतं. पुढे ज्यूक्स आणि स्टोकस्टॅड या संशोधकांनी ऑरिओमायसिन हे अँटिबायोटिक काढून उरलेला चोथा पिल्लांना घातला. ते शोधत होते जीवनसत्त्व बी-१२, हाती लागलं भलतंच. पण निर्जंतुक पेटीत वाढवलेल्या पिल्लांवर या औषधांचा असा गुण दिसेना. स्वच्छ जागेत फरक थोडा, मळक्या जागेत मोठा. थोडक्यात, औषध बऱ्याच अंशी झाडूचं काम करत होतं.

हे ध्यानात ठेवूनच, अशा औषधांच्या जागी खाद्यात घालायला सुचवल्या जाणाऱ्या ओव्याकडे वळू. ओवा तळहातावर चोळल्यावर नाकात जातो तो वास थायमॉलचा. तो जंतूंच्या बाहेरच्या पडद्याला भोकं पाडतो. दालचिनीतलं सिनामाल्डिहाइड आणि लसणातलं ॲलिसिन हीही जंतूंवर चालणारीच. हळदीचं गणित वेगळं. तिच्यातलं कर्क्युमिन आतड्यातून रक्तात फारसं उतरतच नाही. सोबत मिऱ्यातलं पायपरिन दिलं तर ते कितीतरी जास्त उतरतं, हे बंगळूरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजने १९९८ मध्ये उंदरांवर आणि माणसांवर दाखवलं. पण सुजलेल्या आतड्यालाच गुण हवा असेल, तर ते रक्तात न उतरणंही काही वाईट नाही.

अडचण आहे ती भरवशाची. एका शेतातला ओवा दुसऱ्या शेतातल्यासारखा नसतो. खाद्याच्या गोळ्या, म्हणजे पेलेट, बनवताना वाफ लागली की वासाचं तेल उडून जातं, म्हणून कंपन्या ते बारीक आवरणात बंद करून विकतात. घरचा ओवा कुटून खाद्यात टाकला आणि पक्षी फुगले, असं कुणी सांगितलं तर मी आधी त्याचं तूस दाबून बघेन.

डेन्मार्कच्या ब्रॉयलरवाल्यांनी १९९८ मध्ये वाढीसाठीची अँटिबायोटिक्स आपणहून सोडली. एफसीआर अगदी किंचित बिघडला, मर वाढली नाही. युरोपीय संघाची त्यांच्यावरची बंदी १ जानेवारी २००६ ची. आपल्याकडे जुलै २०१९ मध्ये कोलिस्टिन हे अँटिबायोटिक जनावरांसाठी बंद झालं, कारण माणसाच्या दवाखान्यातलं ते शेवटच्या फळीचं औषध.

करारावरच्या शेतकऱ्याला पिल्लं आणि खाद्याची पोती कंपनीकडून येतात. पोत्यात काय घालायचं ते तो ठरवत नाही. त्याच्या हातात उरतं तूस: रोज उकरायचं, पाण्याच्या निपलखालचं भिजलेलं काढून टाकायचं, वाऱ्याच्या बाजूचा पडदा कधी सोडायचा आणि कधी गुंडाळायचा ते बघायचं. ओवा त्यानंतर.

बॅच निघाली की हेच तूस विष्ठेसकट खत म्हणून शेतात जातं. पोटात गेलेल्या औषधातला बराचसा भाग त्यात असतो. इथे उघड्यावर ठेवलेला ढीग पहिल्याच सरीत ओहोळाला लागतो, ओहोळ मलप्रभेला, आणि मलप्रभेचं पाणी सौंदत्तीच्या धरणातून हुबळी-धारवाडच्या नळांना जातं. त्या ढिगाबद्दल पुढच्या आठवड्यात.