पिकअपचे नाक किती उंच असावे?



बाजारच्या दिवशी तालुक्याच्या गावी उभ्या असलेल्या पिकअप गाड्यांकडे एकदा बाजूने नीट पाहा. जी गाडी रिकामी आहे तिचे तोंड थोडे खाली आणि पाठ थोडी वर दिसेल. तिच्या शेजारीच कांद्याच्या गोण्यांनी भरलेली तसलीच गाडी असेल, तर ती मात्र जवळजवळ सपाट दिसेल. गाड्या एकाच बनावटीच्या; मग एक पुढे वाकलेली आणि दुसरी सरळ, असे का?

याचे उत्तर आपल्या बैलगाडीत आहे. गाडी भरताना जाणता गाडीवान ओझे आखाच्या पुढेमागे तोलून ठेवतो. ओझे पुढे जास्त झाले, तर जू बैलांच्या मानेवर दाबते. मागे जास्त झाले, तर गाडी उलार होते आणि जू वर उचलले जाते. पिकअप बनवणाऱ्यालाही हाच तोल सांभाळायचा असतो, पण त्याची अडचण निराळी आहे. इंजिनाचे वजन पुढच्या चाकांवर कायमचे असते. हौद्यातले ओझे मागच्या चाकांवर येते आणि ते कधी असते, कधी नसते. म्हणून तो मागचे पाटे मुद्दाम ताठ आणि उंच ठेवतो. ओझे पडले की ते दबतात आणि गाडी सपाट होते. रिकाम्या पिकअपचे खाली असलेले नाक हा बिघाड नव्हे. ती पुढे येणाऱ्या ओझ्यासाठी राखून ठेवलेली जागा आहे.

ही घडण जुनी आहे. फोर्ड कंपनीने १९२५ साली आपल्या मॉडेल टी मोटारीला मागे हौदा जोडून ती कारखान्यातूनच विकायला काढली. तेव्हा ती शेतकऱ्याची आणि कारागिराची गाडी होती. आज अमेरिकेत अनेक कुटुंबे पिकअप ही घरची मोटार म्हणून वापरतात. तिचा हौदा बहुतेक वेळ रिकामाच असतो, आणि मग ते वाकलेले नाक मालकाच्या डोळ्यांत खुपते. म्हणून तिकडे पुढचा भाग दोनेक इंच उचलून गाडी सपाट करून घेण्याची चाल पडली आहे. त्याला ‘लेव्हलिंग’ म्हणतात. कोणी ते केवळ रूपासाठी करतो, कोणाला मोठे टायर बसवायचे असतात, कोणी बर्फ लोटण्याचे जड पाते पुढे लावतो. ही हौस आता आपल्याकडच्या तरुण गाडीमालकांनाही खुणावते आहे. म्हणून ती करण्याआधी काय समजून घ्यावे, हे आज पाहू.

पुढचा भाग उचलतात कसा?

हे गाडीच्या पुढच्या बांधणीवर अवलंबून असते. काही गाड्यांत पुढच्या प्रत्येक चाकाला वर-खाली हलणारे दोन हात असतात आणि त्यांच्यामध्ये वेटोळी स्प्रिंग असते. अशा गाडीत स्प्रिंगच्या वरच्या टोकाला धातूची जाड चकती बसवतात. येथे शिक्षकांना वर्गात सांगण्याजोगी एक गंमत आहे. स्प्रिंग हाताच्या साधारण मध्यावर टेकलेली असते आणि चाक त्याच हाताच्या टोकाला असते. त्यामुळे चकती एक इंचाची घातली, तरी चाकापाशी फरक जवळजवळ दोन इंचांचा पडतो. हा तरफेचाच नियम. तो ठाऊक नसलेला माणूस दोन इंच उंची हवी म्हणून दोन इंचांची चकती घालतो आणि गाडी चार इंच उचलून बसतो.

काही गाड्यांत वेटोळ्याऐवजी पीळ घेणारी पोलादी कांब असते. तिथे एक बोल्ट आवळला की नाक वर येते. काम स्वस्त आणि सोपे, पण एक गोष्ट विसरायची नाही. चाकाला वर जायला जशी जागा लागते, तशी खड्ड्यात खाली उतरायलाही लागते. बोल्ट फार आवळला तर खाली उतरण्याची जागा संपते आणि गाडी प्रत्येक खड्ड्यात ठोकर खाते.

ज्या गाड्यांत पुढेही पाटेच असतात, तिथे पाट्यांचा संच बदलावा लागतो. पाट्याच्या टोकाची कडी लांब करण्याचा स्वस्त उपाय काही ठिकाणी करतात. त्यात पाट्याचे एकच टोक खाली येते, त्यामुळे पुढचा आख किंचित फिरतो आणि स्टिअरिंगची चाल बदलते. वळणानंतर स्टिअरिंग आपसूक सरळ होण्याचा गुण त्यात कमी होऊ शकतो.

दोन इंचांनी काय होतंय?

कोणी म्हणेल, ‘अहो, दोन इंच म्हणजे वीतभरसुद्धा नाही. एवढ्यानं काय होतंय?’ त्याचा हिशेब मांडून पाहू.

दोन इंच म्हणजे सुमारे ५ सेंटिमीटर. पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर ३ मीटर, म्हणजे ३०० सेंटिमीटर धरू. म्हणजे गाडीचा कल ६० ला १ या प्रमाणात बदलला. आता रात्रीचा दिवा पाहा. खालचा झोत, ज्याला आपण डिपर म्हणतो, तो साधारणपणे १०० ला १ एवढा जमिनीकडे उतरता ठेवलेला असतो. दिवा जमिनीपासून ९० सेंटिमीटरवर असेल, तर ३० मीटरवर झोताची वरची कड ३० सेंटिमीटर उतरून ६० सेंटिमीटरवर येते. समोरच्या माणसाच्या डोळ्यांच्या ती बरीच खाली राहते.

आता नाक उचलले. दिवा स्वतः ५ सेंटिमीटर वर गेला आणि ६० ला १ या कलाने ३० मीटरवर झोत आणखी ५० सेंटिमीटर वर गेला. ६० अधिक ५ अधिक ५० म्हणजे ११५ सेंटिमीटर. समोरून येणाऱ्या लहान मोटारीतल्या चालकाचे डोळे साधारण याच उंचीवर असतात. घाटाच्या अरुंद रस्त्यावर त्याचे डोळे दिपले, तर दोन इंचांची किंमत त्याला आणि तुम्हाला दोघांनाही मोजावी लागेल.

यावर उपाय आहे आणि त्याला खर्चही फारसा नाही. काम करण्याआधी गाडी सपाट जागेवर, भिंतीपासून १० मीटरवर उभी करा आणि झोताची वरची कड खडूने आखून ठेवा. दिव्याची जमिनीपासूनची उंचीही मोजा. काम झाल्यावर गाडी त्याच जागी आणून दिव्यामागचा स्क्रू फिरवा. १० मीटरवर झोताची कड दिव्याच्या नव्या उंचीपेक्षा सुमारे १० सेंटिमीटर खाली आली की झाले. पुष्कळ गाड्यांत चालकासमोर झोत खाली-वर करण्याची लहानशी चकरी असते. ओझे भरल्यावर मागची बाजू दबते तेव्हा ती वापरायची असते. पण किती जण तिला हात लावतात!

दुसरा परिणाम चाकांवर होतो. उंची बदलली की चाकांचे कोन बदलतात. चाक उभे न राहता किंचित कलते, किंवा दोन्ही चाकांची तोंडे एकमेकांना समांतर राहत नाहीत. असा टायर एका कडेने झिजतो, आणि सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढते. म्हणून उंची वाढवल्यावर व्हील अलाइनमेंट करून घेतलेच पाहिजे. त्यावाचून काम पुरे झाले असे समजू नये.

तिसरा परिणाम सांध्यांवर. चाक आता पूर्वीपेक्षा खाली लोंबते, म्हणून हातांच्या टोकांचे बॉल जॉइंट तिरपे होतात. पुढची चाकेही इंजिनाने फिरत असतील, तर त्यांना फिरवणाऱ्या दांड्यांचे सांधेही जास्त कोनात काम करू लागतात आणि लवकर झिजतात. दोन-अडीच इंचांपर्यंत बहुतेक सांधे हे सोसतात. त्यापुढे जायचे तर हात आणि इतर भागही बदलावे लागतात. माफक उंची म्हणजे दोन इंच, असे जाणकार म्हणतात ते याच कारणाने.

ओझे वाहणाऱ्याने काय करावे?

रिकामी असताना सपाट केलेली गाडी भरल्यावर सपाट राहत नाही. मागची बाजू दबते, नाक वर येते, आणि बॉनेटच्या अगदी पुढचा रस्ता चालकाला कमी दिसतो. ज्याच्या गाडीत रोज टोमॅटोचे क्रेट किंवा पेंडीची पोती असतात, त्याला कारखान्याने दिलेले खाली नाक हेच योग्य आहे. त्याने उंची वाढवण्याच्या भरीस पडू नये.

काही मालक उलट बाजूने चूक करतात. जास्त माल भरता यावा म्हणून ते मागे जादा पाटा घालतात. पाटा वाढला म्हणून ब्रेक, टायर आणि आख यांची ताकद वाढत नाही. पाठ आणखी उंच होते, रिकामी गाडी उड्या मारते, आणि मग नाक फारच खाली दिसते म्हणून ते उचलायचे! मागचा पाटा काढून गाडी सपाट करणेही तितकेच घातक आहे. अनेक पिकअपमध्ये मागच्या ब्रेकचा जोर पाटे किती दबले यावरून ठरतो. पाठ खाली आली की यंत्रणेला वाटते गाडी भरलेली आहे, आणि ब्रेक दाबल्यावर मागची चाके अकाली अडकून गाडी घसरू शकते.

माल कुठे ठेवायचा हेही तरफेचेच गणित आहे. मागच्या आखाच्या १ मीटर मागे १०० किलो ठेवले, तर पुढच्या चाकांवरचे सुमारे ३३ किलो वजन उचलले जाते. हीच ती उलार गाडी. म्हणून जड माल हौद्याच्या पुढच्या बाजूला, केबिनला लागून भरावा.

नाक वर आणि पाठ खाली असे मुद्दाम करण्याची एक विकृत हौस अमेरिकेच्या आग्नेय भागात पसरली होती. तिच्यामुळे समोरचा रस्ता दिसत नाही, दिवे आकाशाकडे पाहतात. शेवटी नॉर्थ कॅरोलायना राज्याने २०२१ मध्ये, व्हर्जिनियाने २०२२ मध्ये आणि साउथ कॅरोलायनाने २०२३ मध्ये कायदा केला. पुढचे मडगार्ड मागच्यापेक्षा ४ इंच किंवा अधिक उंच करण्याला तिथे मनाई झाली. आपल्याकडे मोटार वाहन कायदा, १९८८ याचे कलम ५२ आहे. नोंदणीतला तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. म्हणून आधी परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे विचारावे, मगच पान्याला हात घालावा.

आणि त्याही आधी टेप घ्यावी. चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर चारही चाकांपाशी मोजावे. पुढची एकच बाजू खाली असेल, तर स्प्रिंग थकली आहे किंवा पाटा तुटला आहे. तिथे चकती घालणे म्हणजे दुखणे झाकणे होय. तो भाग बदलणे हाच इलाज. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये माणसाचा हात मोडण्याइतका जोर असतो. म्हणून हे काम झाडाखाली, नुसत्या जॅकवर करू नये. योग्य हत्यारे असलेल्या मिस्त्रीकडूनच करून घ्यावे.

शिक्षक बंधुभगिनींनी मुलांकडून एक प्रयोग जरूर करून घ्यावा. शाळेच्या अंगणात पिकअप किंवा जीप येईल तेव्हा ती रिकामी असताना आणि मागे दहा मुले बसवल्यावर, उभ्या गाडीचीच, पुढची-मागची उंची मोजायला सांगा. कल किती बदलला, आणि ३० मीटरवर दिव्याचा झोत किती वर गेला असता, हे मुलेच त्रैराशिकाने काढतील. पुस्तकातले समरूप त्रिकोण गाडीच्या दिव्यात दिसले, म्हणजे ते विसरले जात नाहीत. आणि उद्या यांतलाच कोणी गाडी चालवायला बसेल, तेव्हा दोन इंच म्हणजे किती, हे त्याला कोणी सांगावे लागणार नाही.